साडेतीनशे वॅटचं एक उपकरण

माझ्या मुलीला गणितात कमी गुण पडायला लागले तेव्हा मला आधी राग आला आणि मग लाज वाटली. खरं तर भीती वाटायला हवी होती, पण ते तेव्हा सुचलंच नाही. मगदूम सरांची मुलगी अंकगणिती श्रेढीत नापास, ही बातमी जयसिंगपुरात आचाऱ्याच्या घरी वरण करपल्यासारखी पसरली. शिक्षकांच्या खोलीत कोणी तोंडावर काही बोललं नाही. उलट सगळे माझ्याशी एकदम प्रेमाने वागायला लागले, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

या गावात माझं नाव थोडंफार आहे. गणित पुस्तकात नसतं, घरात असतं, हा एकच हट्ट धरून मी आजवर शिकवत आलो. आमचं गावच मुळी आलेखाच्या कागदावर काढल्यासारखं आहे. गल्ल्या सरळसोट, एकमेकींना काटकोनात, आणि त्यांना नावांऐवजी आकडे. निर्देशक भूमिती आली की मी पोरांना वर्गाबाहेर काढायचो आणि म्हणायचो, सहावी गल्ली हा एक अक्ष, मोठा रस्ता दुसरा, आता तुझं घर कुठल्या बिंदूवर ते सांग. प्रमाणासाठी इडलीचं पीठ, त्रिकोणमितीसाठी गच्चीवरची टाकी, संभाव्यतेसाठी नळाला पाणी येण्याची वेळ. प्रत्येक धड्याची सुरुवात एकाच वाक्याने व्हायची, "चला, घरात डोकावू." पोरं माझी नक्कल करताना हेच वाक्य घ्यायची, आणि मी ऐकलं नाही असं दाखवून खूश व्हायचो.

मग 'उंबरा' आला. पुण्याच्या एका कंपनीने माझे वर्षभराचे तास टिपून घेतले, माझा आवाज घेतला, माझी शेकडो उदाहरणं घेतली आणि त्यावरून एक यंत्रशिक्षक घडवला. तो मुलांच्या पाटीत राहतो. पाटी म्हणजे हल्ली प्रत्येकाच्या दप्तरात असते ती काचेची. उंबऱ्याचं काम एवढंच, की प्रत्येक मुलाला त्याच्याच घरातलं उदाहरण द्यायचं. मी पन्नास पोरांना मिळून एक इडलीचं पीठ देत होतो. तो पन्नास जणांना पन्नास वेगळी पिठं देतो.

हे जमतं कसं, ते एकदा नीट सांगतो. घरातली प्रत्येक वस्तू वीज ओढते ती आपल्या ढबीने. फ्रीज थांबून थांबून ओढतो, मिक्सर झटका देऊन, इस्त्री तापेपर्यंत भरभरून आणि मग थोडी थोडी. घराबाहेरच्या नव्या मीटरला या सगळ्या ढबी वेगळ्या ओळखता येतात. आत न येता त्याला कळतं, की आता मिक्सर लागला, आता पंप बंद झाला. ही माहिती पालकांच्या संमतीने उंबऱ्याला मिळते. कायद्याने त्याला एकच बंधन आहे. औषधपाण्याशी संबंधित कुठलीही वस्तू त्याने नावाने ओळखायची नाही. अशा वेळी तो फक्त 'एक उपकरण' म्हणतो.

दुसरी गोष्ट त्याहून साधी. पाटीवरचा कॅमेरा मुलाच्या डोळ्याकडे बघत असतो. मनाला भिडणारं काही वाचलं की डोळ्याची बाहुली नकळत मोठी होते. ज्या उदाहरणाला बाहुली मोठी होते, तशीच उदाहरणं उंबरा पुढे देत राहतो, कारण जे मनाला भिडतं ते लक्षात राहतं. का भिडलं ते त्याला कळत नाही आणि कळून घ्यायचं कारणही नाही. निकाल उत्तम लागले. आमच्या संस्थेने दहावीचे अंतर्गत गुणही त्याच्यावर सोपवले आणि माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला.

त्याच वर्षी माझी त्रिशला दहावीत, माझ्याच वर्गात होती.

"हे काय आहे?" मी पाटी तिच्यासमोर ठेवून विचारलं. दिवाळीची सुट्टी संपून दोनेक आठवडे झाले होते. संध्याकाळची जेवणं आटोपली होती. सुनेत्रा, माझी बायको, खुर्चीत बसून मेथी निवडत होती.

"चुकलं, पप्पा."

"चुकलं म्हणजे? पहिलं पद दिलंय. सामान्य फरक दिलाय. यात चुकायला जागा कुठं आहे? सातवीतलं पोरगं सोडवेल."

"जादा वर्गाला बसते की मी. लावलाय उंबऱ्यानं अर्धा तास."

"मागच्या आठवड्यात लावला होता. आता रोजचा आणखी अर्धा. तू करतीस काय तिथं बसून?"

"असू दे हो," सुनेत्रा म्हणाली. मग थोडं थांबून, "बसतीय ना ती."

त्रिशलाने आईकडे बघितलं नाही. पाटी उचलली आणि आतल्या खोलीत गेली. पूर्वी ही पोरगी शाळेतून आली की स्वयंपाकघराच्या ओट्यावर चढून बसायची आणि आईच्या कानाशी अखंड बडबड करायची. आता ती उशिरा यायची, जेवायची आणि आत जायची. सुनेत्रा हलकेच म्हणाली, "आता माझ्याजवळ बसत नाही. मोठी झाली." खरं सांगायचं तर जादा वर्गाचं ऐकून रागाच्या आतल्या बाजूला मला बरंच वाटलं होतं.

त्याचं कारण असं. गणपतीच्या सुमारास सुनेत्राचा आजार कळला. फुफ्फुसं हळूहळू कडक होत जातात, हवा आत घेता येत नाही. औषधाने वेग कमी होतो, थांबत नाही. हवेतला प्राणवायू गाळून देणारं एक यंत्र डॉक्टरांनी घरी घ्यायला सांगितलं. नाकाला नळी लावायची आणि बसायचं. "जमेल तितका जास्त वेळ लावा," ते म्हणाले. "संध्याकाळी दम लागतो तेव्हा तर लावाच."

दवाखान्यातून बाहेर पडताना सुनेत्राने माझा हात धरला. "त्रिशलाला आत्ता नाही. दहावी आहे तिची. मार्चला पेपर संपला की मीच सांगते."

आमच्याकडे दहावी म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला समजायचं नाही. त्या वर्षी घरात वाईट काही घडतच नाही. आमच्या गल्लीत उपाध्यांचे आजोबा वारले तेव्हा नातू दहावीला होता. आजोबा कुंभोजला आत्याकडे राहायला गेलेत, असं त्याला परीक्षेपर्यंत सांगितलं. तो फोन करायचा आणि आत्या दर वेळी सांगायची की ते झोपलेत. सगळ्या गल्लीला माहीत होतं आणि सगळी गल्ली गप्प होती. जग इतकं बदललं, पण ही एक गोष्ट कोणाला बदलावीशी वाटली नाही. मला तरी कुठं वाटली?

तर आम्हीही लपवलं. घरात दळणाची जुनी घरघंटी होती, कपाटाएवढी, आतली मोटर कधीच जळालेली. तिच्या पोटात यंत्र बरोबर बसलं. त्रिशला शाळेला गेली की दार उघडायचं आणि ती यायच्या आत बंद करायचं. म्हणजे डॉक्टरांनी ज्या वेळी नळी लावाच म्हणून सांगितलं होतं, नेमकी त्याच वेळी सुनेत्रा ती काढून ठेवायची. सगळी संध्याकाळ ती खुर्चीत बसून छोटी छोटी वाक्यं बोलायची, दोन वाक्यांच्या मध्ये भाजी निवडल्याचं निमित्त करायची. म्हणून जादा वर्ग म्हटल्यावर मला बरं वाटलं. तेवढाच अर्धा तास सुनेत्राला जास्त.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी त्रिशलाची चुकलेली उदाहरणं उघडली. शिक्षकाला ती सोय असते. कानाला इअरफोन लावला आणि माझाच आवाज आला.

"चला, घरात डोकावू. एका घरात दुपारच्या वेळी साडेतीनशे वॅटचं एक उपकरण सलग चालतं. पहिल्या आठवड्यात ते रोज सहा तास चाललं, दुसऱ्या आठवड्यात साडेसहा तास, तिसऱ्या आठवड्यात सात. हे असंच वाढत गेलं तर कितव्या आठवड्यात ते दिवसभर, म्हणजे चोवीस तास चालू राहील?"

ते उपकरण म्हणजे घरघंटीतलं सुनेत्राचं यंत्र. माझ्याच गमतीदार सुरात, शेवटचा शब्द जरा लांबवून, मी माझ्या मुलीला विचारत होतो की तुझी आई कधी... तिच्या पाटीवर या एका उदाहरणाची कितीतरी रूपं होती. दर वेळी चुकलेलं, दर वेळी परत विचारलेलं. फ्रीजची उदाहरणं तिने चुटकीसरशी सोडवली होती. पंपाचीही. उंबरा मात्र पुन्हा पुन्हा इथेच येत होता, म्हणजे इथे तिची बाहुली मोठी होत होती.

तिला अजून उलगडलेलं नाही, मी स्वतःला समजावलं. काहीतरी खटकतंय एवढंच. उलगडलं असतं तर उत्तर बरोबर आलं असतं. वीस वर्षं गणित शिकवणाऱ्या माणसाचा हा तर्क होता.

मी मुख्याध्यापिका आवटी मॅडमकडे गेलो. "त्रिशलाची घरची माहिती उंबऱ्याला द्यायची बंद करायची आहे."

"तुम्ही? तुम्हीच सर?" त्या हसल्या. "होईल की. अर्ज द्या. फक्त पंधरा पूर्ण झालेल्या मुलांची स्वतःची सही लागते, आणि कारण त्यांना समजावून सांगितलं असं त्यांनी लिहून द्यायला हवं. मुलांच्या हक्कासाठीच आहे तो नियम."

"तिला न कळवता नाही होणार?"

"नाही सर. असं झालं तर कोणीही पालक कसंही काहीही लपवेल."

लपवण्यासाठी आधी सांगायला हवं होतं. मी आभार मानून बाहेर आलो.

मग मी हुशारी केली. सुनेत्राला सांगितलं, दुपारी यंत्र चालू असताना मध्ये मध्ये इस्त्री लाव, मिक्सर फिरव, मीटर गोंधळेल. ती बिचारी नाकात नळी घालून रिकामा मिक्सर फिरवत बसली. पुढच्या आठवड्यात माझा आवाज पाटीतून म्हणाला, "इस्त्री आणि मिक्सर वगळता, साडेतीनशे वॅटचं उपकरण आता साडेसात तास चालतं." सुनेत्राला मी हे सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि मग कितीतरी वेळ तो थांबेना. मी पाठीवर हात फिरवत उभा राहिलो. पाटीतल्या ज्या माणसावर मी वैतागलो होतो, त्याचा आवाज माझाच होता, आणि कुठे जाऊन भांडायचं ते मला कळत नव्हतं.

शेवटी मी यंत्रच घराबाहेर काढलं. शेजारी चौगुले राहतात. राजमती वहिनींना सगळं माहीत होतंच. "आणा की आमच्याकडं," त्या म्हणाल्या. "वरची खोली मोकळीच हाय. सम्मेद शाळेतनं परस्पर तालमीत जातोय, दिवस मावळल्यावर येतोय. त्याला काय पत्ता लागत नाही." सम्मेद म्हणजे त्यांचा मुलगा, कुस्तीवेडा, त्रिशलाच्याच वर्गातला. एका दुपारी मी आणि चौगुले दोघांनी मिळून यंत्र कुंपणापलीकडे नेलं. सुनेत्रा रोज शाल गुंडाळून तिकडे जायची आणि त्रिशला यायच्या आत परत यायची.

आमच्या मीटरवरून ते उपकरण नाहीसं झालं. मी सुटकेचा निःश्वास टाकला. त्रिशला मात्र त्या दिवसांत विचित्र वागायला लागली. संध्याकाळी आली की आईकडे टक लावून बघायची. एकदा मी तिला घरघंटीपाशी उभं असलेलं पाहिलं. "काय शोधतीस?" विचारलं तर "काही नाही" म्हणून गेली. जेवण निम्मं टाकायला लागली. परीक्षा जवळ आली की होतंच, असं मी सुनेत्राला सांगितलं.

दोन आठवडे असे गेले. मग एके दिवशी वर्गात उजळणी चालू होती. ज्याच्या पाटीवर श्रेढीचं नवं उदाहरण असेल त्याने ते मोठ्याने वाचायचं आणि सगळ्यांनी सोडवायचं, अशी माझी जुनी पद्धत. सम्मेद उभा राहिला. हा कधी आपणहून उभा राहत नाही, म्हणून मला कौतुक वाटलं.

"एका घरात दुपारच्या वेळी," तो अडखळत वाचायला लागला, "साडेतीनशे वॅटचं एक उपकरण सलग चालतं. पहिल्या आठवड्यात रोज आठ तास, दुसऱ्या आठवड्यात साडेआठ." त्याने डोकं खाजवलं. "सर, पण आमच्यात असलं कुठलंच मशीन नाही. दुपारी आई एकटीच असती घरात. कसलं मशीन असंल हे?"

वर्ग हसला. कोणीतरी मागून म्हणालं, "तुझी आई चोरून कुल्फी करती असंल." मी खडू हातात धरून तसाच उभा होतो.

"सम्या, परत वाच," त्रिशला म्हणाली.

तिचा आवाज इतका वेगळा होता की वर्ग गप्प झाला. सम्मेदने परत वाचलं. आठ, साडेआठ. तिच्या पाटीवरची श्रेढी साडेसातला थांबली होती. मी तिच्याकडे बघत होतो. तिने दोन्ही हात तोंडावर धरले, डोळे मिटले आणि खांदे एकदम सैल सोडले, खूप वेळ डोक्यावर घेतलेलं ओझं कोणी उतरवून घ्यावं तसे. मग ती उभी राहिली.

"मशीन कुठलं ते उदाहरणात विचारलेलं नाही, सम्या. सामान्य फरक अर्धा आहे. पुढचं पद नऊ. बस आता."

सम्मेद बसला. बरोबर उत्तर होतं. त्या धड्यातलं तिचं कित्येक आठवड्यांतलं पहिलं बरोबर उत्तर.

शाळा सुटल्यावर तिचा जादा वर्ग होता. त्या वर्गात ती एकटीच असायची. मी आत गेलो आणि तिच्या शेजारच्या बाकावर बसलो. काय विचारायचं ते ठरवून आलो होतो, पण तिनेच विचारलं.

"आई चौगुले काकूंकडं असते ना दुपारी?"

"हो."

"तुम्ही सांगायला पाहिजे होतं, पप्पा. घरघंटी उघडली तर आत काहीच नाही. पाटीवर शून्य, शून्य. मला वाटलं आईनं बंद केलं. कंटाळली आणि परत देऊन टाकलं. रोज संध्याकाळी मी तिच्याकडं बघत होते, की आता हिला..."

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"दिवाळीच्या आधीपासून. घरातल्या सगळ्या वस्तूंवर वॅटचे आकडे छापलेले असतात ते वाचून आणा, असं तुम्हीच सांगितलं होतं वर्गात. घरघंटीचा आकडा आत होता. म्हणून दार उघडलं."

तो गृहपाठ मी दर वर्षी देतो. घरात डोकावण्याची सवय लागावी म्हणून.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही दोघं इतकं जपून लपवत होता. मला कळलंय हे आईला कळलं असतं तर तिनं अजून हाय खाल्ली असती. दहावी आहे ना माझी," ती म्हणाली, आणि यात विनोद काहीच नव्हता.

"पण मग श्रेढी? ती तर तुला झोपेत येते."

त्रिशला पाटीच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "एक धडा आठवडाभर चुकत राहिला, की उंबरा रोजचा अर्धा तास वाढवतो," ती म्हणाली. "मी घरी नसले की मशीन चालतं, पप्पा. मी आले की बंद. मी मोजून बघितलं, दोन्ही आकडे सारखेच येतात. मी जेवढा वेळ बाहेर असते, तेवढाच वेळ आईला श्वास मिळतो. मग मी उत्तर बरोबर कशाला देऊ?"

मला रडू आलं. शाळेत, पोरांच्या बाकावर, गुडघे पोटाशी आलेल्या अवस्थेत मी रडलो. मी जी श्रेढी आजाराची समजत होतो ती आजाराची नव्हतीच. तो सामान्य फरक माझ्या मुलीने एकेक उत्तर चुकवून तयार केला होता. मी तिला त्यासाठीच रागावत होतो, आणि तिकडे सुनेत्रा म्हणत होती की पोरगी आता माझ्याजवळ बसत नाही. आम्ही तिघंही एकमेकांना जपत होतो आणि त्यात तिघंही गुदमरत होतो.

"चल," मी म्हणालो.

"जादा वर्ग?"

"आता कसला जादा वर्ग? चल घरी."

आम्ही थेट चौगुल्यांकडे गेलो. राजमती वहिनी दारात आडव्या आल्या, "अगंबाई, लवकर सुटली व्हय शाळा," असं काहीतरी जोरात बोलल्या, वर ऐकू जावं म्हणून. मग माझा चेहरा बघून बाजूला झाल्या. वरच्या खोलीत सुनेत्रा खिडकीशी मटार सोलत बसली होती. शेजारी यंत्र घुरघुरत होतं. आम्हाला बघताच तिचा हात नळीकडे गेला. त्रिशलाने तो हात धरला.

"राहू दे की."

"अगं, तुझी दहावी..."

"आहे ना दहावी. चालूच आहे ती." त्रिशला तिच्या पायाशी बसली, सुपातला मटाराचा एक वाटा आपल्याकडे ओढला आणि सोलायला लागली. "सम्यानं आज वर्गात काय केलं माहितंय का तुला?"

ती सांगत राहिली. कुल्फीचं, सम्याच्या डोकं खाजवण्याचं, माझ्या हातातल्या खडूचं. सुनेत्राच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसतही होती, आणि नळी असल्यामुळे या वेळी ठसका लागला नाही.

"मला वाटलं, तुला माझ्याजवळ बसायचा कंटाळा आला," ती म्हणाली.

"मला वाटलं, मी बसले की तुला श्वास पुरत नाही."

राजमती वहिनी जिन्यात उभ्या राहून पदराने डोळे पुसत होत्या. मी यंत्र उचललं आणि कुंपणाअलीकडे आणलं. घरघंटीत परत ठेवलं नाही. बैठकीच्या खोलीत, सुनेत्राच्या खुर्चीशेजारी, जाता येता पायात येईल असं ठेवलं.

यातून सगळं सुरळीत झालं असं कोणी समजू नये. आजार तोच आहे आणि मार्च जवळ येतोय. आता सुनेत्रा लागेल तेव्हा नळी लावते, आणि लागेल तेव्हा म्हणजे किती वेळ, हे पहिल्यांदाच आमच्या लक्षात आलं. इतके दिवस ती किती ओढूनताणून निभावत होती ते बघून मी हबकलो. डॉक्टरही रागावले. त्रिशला आता जादा वर्गाला बसत नाही. ओट्यावर बसायचं वय राहिलं नाही म्हणून खुर्चीशेजारी जमिनीवर बसते, पुस्तक मांडीवर घेते, आणि यंत्राच्या घुरघुरीत अभ्यास करते. मी तिच्यासमोर उंबरा बंद करण्याचा अर्ज ठेवला होता. "आता सही कशाला?" म्हणून तिने तो परत दिला.

गेल्या आठवड्यात अंतर्गत गुणांची शेवटची चाचणी झाली. ज्या उत्तराचं काय करायचं ते उंबऱ्याला समजत नाही, ते तो शिक्षकाकडे पाठवतो. माझ्याकडे एकच उत्तर आलं.

प्रश्न माझ्याच आवाजात होता. "चला, घरात डोकावू. एका घरात साडेतीनशे वॅटचं एक उपकरण लागोपाठच्या आठवड्यांत रोज इतके तास चाललं: सहा, साडेसहा, सात, साडेसात, शून्य, शून्य, पंधरा. ही क्रमिका अंकगणिती श्रेढी आहे का? कारण लिहा."

अपेक्षित उत्तर सोपं आहे. नाही, कारण लगतच्या दोन पदांमधला फरक स्थिर नाही. एक गुण.

त्रिशलाने लिहिलं होतं, "नाही. शून्याच्या दोन आठवड्यांत उपकरण शेजाऱ्यांकडे चालू होतं. त्याआधीची चार पदं मी घराबाहेर किती वेळ होते ते सांगतात, उपकरणाबद्दल काही सांगत नाहीत. यातली पहिली खरी संख्या पंधरा आहे. एका पदावरून श्रेढी ठरवता येत नाही."

उंबऱ्याने शेरा मारला होता, 'कारण दिलेल्या माहितीत नाही. गुण शून्य.' नियमाने तो चुकला नव्हता. मी शून्य खोडलं आणि पूर्ण गुण दिला. लगेच पाटीवर चौकट उघडली. दिलेल्या माहितीबाहेरचं कारण ग्राह्य का धरलं, ते शिक्षकाने एका वाक्यात लिहावं, त्याशिवाय निकाल पुढे जाणार नाही.

बाहेरच्या खोलीत दोघींचं काहीतरी चाललं होतं. यंत्राचा आवाज येत होता आणि त्यावरून त्रिशलाची बडबड. मी थोडा वेळ ऐकत बसलो, मग लिहिलं, 'मी त्याच घरात राहतो.'